लायब्ररीतली अन्नपूर्णा

धूळ पुसायची नसते, उचलायची असते. हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही एका इंग्लिश सरदाराच्या घरात.

गेल्या मार्चमध्ये मी त्या घरातून रिटायर झाले. सोळा वर्षं तिथे साफसफाईचं काम केलं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, दिवाळी अंकात लिही की, असलं काम आपल्यातलं कुणी केलेलं नाही. मला चार माणसांत नाव सांगायचं तरी घाम फुटतो. मी नको म्हटलं, आणि घरी येऊन ही वही काढली. कुणाला दाखवायची नाही असं ठरवल्यावर बरं सुचतंय.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शाळा पुढे होती, पण दुसऱ्या गावात होती. लग्न झाल्यावर काही वर्षांनी ह्यांच्या मागोमाग इंग्लंडला आले. हे रीडिंग शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी. मी आधी ऑफिसं साफ करायचे. तिथे काम म्हणजे पाणी, फेस आणि घाई. मग एजन्सीने मला या घराकडे पाठवलं. रीडिंगहून बसने पाऊण तास, पुढे फाटकापासून लिंबाच्या झाडांमधून पंधरा मिनिटं चालत. लिंब म्हणजे आपला कडुनिंब नव्हे आणि लिंबूही नव्हे, इथली झाडं. घराला खिडक्या किती हे मी मोजायला घेतलं होतं, पहिल्या आठवड्यात सोडून दिलं.

पहिल्या दिवशी मी बादली मागितली. हेलनबाई हसल्या. त्या आमच्या मुख्य हाऊसकीपर. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं, पण त्या माझ्याशी बोलायच्या ते मला कायम 'तुम्ही'च ऐकू आलं. त्यांनी बादलीऐवजी माझ्या हातात एक ब्रश दिला. तट्टाच्या केसांचा, लहान मुलाच्या जावळासारखा मऊ. दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं. ब्रशने धूळ हलकेच उडवायची आणि नळीत घ्यायची. जाळी कशाला, तर सोनेरी वर्खाचा एखादा कपचा सुटलाच तर तो कापडावर अडकावा, यंत्राच्या पोटात जाऊ नये. फडक्याने घासलं की वर्ख जातो. पाण्याने लाकूड फुगतं. उजेडाने रेशीम जळतं, म्हणून पडदे केव्हा किती उघडायचे याचंही वेळापत्रक.

"घर जुनं दिसलं पाहिजे, सुमन," त्या म्हणाल्या. "फक्त घाणेरडं दिसता कामा नये."

हा फरक समजायला मला दोन वर्षं लागली.

बांगड्यांचा प्रश्न आला. वस्तूला हात लावायचा तर हात मोकळे हवेत, ओरखडा उठतो. मी हात पाठीमागे घेतले. बांगड्या काढा म्हटलं असतं तर मी बहुतेक त्याच दिवशी काम सोडलं असतं, आणि का सोडलं तेही सांगितलं नसतं. हेलनबाईंनी विचारलं, "नवऱ्याच्या आहेत?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेनिस खेळणारे घालतात तसले टॉवेलचे दोन पट्टे आणले. बांगड्या वर सारून त्यावर पट्टे. सोळा वर्षं मी तशीच काम करत राहिले. तिकीट काढून घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, ही बाई सकाळी व्यायाम करून येते.

सर्वांत जास्त धूळ पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या जवळ बसते. म्हणजे जिथून पाहुणे चालतात तिथे. ती मातीची नसते, कोटांची, स्वेटरांची, माणसांच्या अंगाची असते. आले त्यांनी घर पाहिलं आणि थोडं अंगावरचं ठेवून गेले. हे मला आवडायचं. रोज सकाळी सात ते अकरा आम्ही आदल्या दिवशीची माणसं गोळा करायचो.

गर्दीच्या दिवसांत अकरानंतरही एखाद्या कोपऱ्यात काम चाले. एकदा रीडिंगचंच एक मराठी कुटुंब आलं. मुलगा-सून सॉफ्टवेअरमधले असावेत, बरोबर पुण्याहून आलेली आई. आजी साडीवर स्वेटर आणि पायात बूट, प्रत्येक खोलीत विचारत होत्या, "एवढा मोठा वाडा बांधला, देवघर कुठंय?"

"आई, चॅपल आहे ना मागे."

"मागे? देव मागे?" मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "ही बघ, आपल्याकडचीच दिसते."

"गुजराती असेल गं आई, हळू बोल."

"बिचारी. एवढ्याशा ब्रशानं कधी व्हायचं हिचं?"

मी म्हटलं, "होतं हो आजी. घाई नसते."

सून लाजून लाल झाली. आजी मात्र दोरीवरून वाकून माझा हात धरून उभ्या राहिल्या आणि कुठलं गाव, माहेरचं आडनाव काय, सगळं विचारून घेतलं.

आता अन्नपूर्णेचं लिहिते.

लायब्ररीत खिडकीजवळ एक उघडी फळी होती. घराच्या कुणा जुन्या मालकाने हिंदुस्थानातून आणलेल्या वस्तू तिच्यावर मांडलेल्या. हस्तिदंती डबी, दोन कट्यारी, एक शंख. आणि त्यांच्यामध्ये बोटभर उंचीची पितळी मूर्ती, अगदी काळी पडलेली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "देवी, पितळ, हिंदुस्थान." पहिल्याच दिवशी मी तिला ओळखलं. मांडी घालून बसलेली, हातात पळी. आपल्याकडे लग्नात मुलगी गौरीहर पूजते आणि हीच अन्नपूर्णा घेऊन सासरी जाते. माझी रीडिंगला घरात तांदळाच्या वाटीत बसलेली आहे. आईने दिलेली.

तीन वर्षं मी तिच्यावरून ब्रश फिरवला. कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर खूप बोलावं लागलं असतं.

मग एका वर्षी नवरात्र आलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आपण देव उजळतोच. मी घरचे देव चिंचेने घासले, आणि घासताना सारखी ती डोळ्यांपुढे. आपल्या देव्हाऱ्यात लख्ख, आणि ती तिथे कट्यारींच्या मध्ये काळीठिक्कर. सोमवारी घर पाहुण्यांना बंद असतं. मी भिजवलेली चिंच डबीत घालून नेली. लायब्ररीत एकटीच होते. मोरीवर नेऊन तिला चिंच-मिठाने घासली, पाण्याने धुतली, फडक्याने कोरडी केली. दहा मिनिटं लागली असतील. सोन्यासारखी निघाली. जागेवर ठेवली, नमस्कार केला आणि पडदे ओढले.

मला नियम माहीत नव्हता असं नाही. धातूला ओलं लावायचं नाही हा तर पहिल्या आठवड्याचा धडा. पण मला ती वस्तू वाटलीच नाही.

दुसऱ्या दिवशी डोरीनने आरडाओरडा केला. डोरीन म्हणजे लायब्ररीत खुर्ची टाकून बसणारी, पाहुण्यांना माहिती सांगणारी स्वयंसेवक. वय अठ्ठ्याहत्तर, तोंड पट्ट्यासारखं चालणारं. तिने पूर्वी एकदा दरवाजाची मूठ स्वतःच्या मनाने पॉलिश केली होती, त्यामुळे सगळ्यांची नजर आधी तिच्याकडेच वळली. दुपारी चहाच्या वेळी हेलनबाईंनी सगळ्यांना बोलावून विचारलं. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांचा चेहरा उतरला होता. कुणीच बोललं नाही. मीही नाही.

घरी आले. जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं. आमची सायली इथेच जन्मलेली, लंडनला ऑफिसात जाते, त्या दिवशी घरी आली होती. तिनेही ऐकलं.

"आई! तू म्युझियमचा देव चिंचेने धुतला?"

"म्युझियम नाही गं. घर आहे."

"सेम थिंग! ते तुला सॅक करतील."

"म्हणूनच तर बोलले नाही."

"मग डोरीनवर येणार सगळा ब्लेम. शी इज ओल्ड, आई. यू हॅव टू टेल देम."

हे म्हणाले, "अगं, माझ्या हाताखालचा पोरगा मीठ जास्त घालतो आणि दुसऱ्याकडे बघतो. मला जास्त मिठाचा राग येत नाही, त्या बघण्याचा येतो."

रात्रभर मी इंग्रजी वाक्यं जुळवत होते. सकाळी हेलनबाईंच्या खोलीत गेल्यावर एकही आठवलं नाही. मी चिंचेची डबी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मी."

त्यांनी मला बसवलं. मग म्हणाल्या, "चकाकी परत काळी पडेल. ते मोठं नाही. तिच्या पळीच्या मागे, पायांच्या घडीत लाल पूड होती. तुम्ही बघितली होती?"

मी बघितली होती. मला तो मळ वाटला होता.

"रूथचं म्हणणं होतं की ती पूजेची असावी. ती मूर्ती कुठून आली, कुणाची होती, कागद एकही नाही. तेवढी पूडच होती. पुढच्या महिन्यात ती तपासायचीच होती."

रूथ म्हणजे वस्तूंची तब्येत बघणारी, कॉन्झर्वेटर. महिन्यातून एकदा यायची.

मला काय झालं ते नीट लिहिता येत नाही. कुंकू होतं ते. कुण्या बाईने स्वतःच्या बोटाने लावलेलं. ती बाई गेली, तिचं घर गेलं, समुद्र ओलांडून ती मूर्ती इथे आली, एवढ्या वर्षांत कुणी इंग्रजाने ते पुसलं नाही. पुसलं ते मी. देवाची सेवा म्हणून.

नियमाप्रमाणे रूथ येऊन अहवाल देईपर्यंत मी कामावर यायचं नव्हतं. दहा दिवस. "नोकरीचं तेव्हाच ठरेल," हेलनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दार स्वतः उघडून धरलं. ते घर गेलं असतं तर मला दुसरं काम मिळालं असतं, ऑफिसं पुष्कळ आहेत. पण त्या घरात मला कुणी कधी 'लवकर आटप' म्हटलेलं नव्हतं. असं ठिकाण माझ्या आयुष्यात ते एकच होतं.

त्या रविवारी हे म्हणाले, "चल, दाखव मला तुझं घर."

सगळे हसतील, पण ह्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. ह्यांचं रेस्टॉरंट सोमवारी बंद आणि आमचं घरही सोमवारीच बंद. शनिवार-रविवार ह्यांना श्वास घ्यायला सवड नाही. त्या रविवारी त्यांनी रजा टाकली. म्हणाले, "तुझा कामाचा पास काढून घेतला तर मग तिकीट काढावं लागेल. आत्ताच बघून घेऊ."

मी पहिल्यांदाच पुढच्या दाराने आत गेले. आम्ही कामाची माणसं मागच्या दाराने. दोरीच्या या बाजूने घर वेगळंच दिसतं. छताकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं, माझी नजर कायम कडा-कोपऱ्यांवर. ह्यांनी जेवणाचं टेबल पाहून विचारलं, "चोवीस पानं. आणि स्वयंपाकघर कुठे?" मी सांगितलं, जिना उतरून, अंगण ओलांडून, पार पलीकडे. "म्हणजे यांनी जन्मभर गार जेवण जेवलं," हे म्हणाले. खाली स्वयंपाकघरात तांब्याची पातेली ओळीने टांगलेली. हे एकेकात डोकावून बघायला लागले. "कल्हई गेली आहे सगळ्यांची. यात आमटी केली तर उद्याचा दिवस दिसायचा नाही."

"अहो, हात लावू नका."

"लावत नाही बाई. चिंच तुझ्याकडे असते."

मी चार दिवसांत पहिल्यांदा हसले.

लायब्ररीत डोरीन होती. मला वाटलं, मागे फिरावं. तिने बघितलं होतं. उठून आली, ह्यांच्याकडे बोट करून म्हणाली, "हाच का तो, ज्याच्या डब्याचा वास आम्ही तीन वर्षं नुसता घेतोय?" मग माझ्याकडे वळली. "तू कशाला बोललीस? मी घेतलं असतं अंगावर. मला काय करणार होते, काढून टाकणार? मला पगारच नाही!"

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे, पुढच्या वेळी जास्त चपात्या आण."

फळीवर अन्नपूर्णेची जागा रिकामी होती. तिथे छोटं कार्ड, 'तपासणीसाठी हलवली आहे.' ह्यांनी ते वाचलं. मी हळूच कट्यारीवरची धूळ बघून घेतली. कुणीतरी फडक्याने पुसली होती, ओघळ दिसत होते.

मग बागेत गेलो. गुलाबांचा बहर संपलेला, डेलिया मात्र ताटाएवढे. भिंतींनी वेढलेल्या भाजीच्या मळ्यात भोपळे जमिनीवर ठाण मांडून बसलेले, सफरचंदाच्या झाडांना भिंतीवर हात पसरून बांधलेलं. हे प्रत्येक वाफ्याशी थांबत होते. "यांना भोपळ्याचं भरीत माहीत असेल का गं?" मी म्हटलं, शोभेला ठेवतात. त्यांनी कपाळाला हात लावला. बाकावर बसून आम्ही पोळी-भाजी खाल्ली. थंडी होती, ऊन पडलेलं. रोज सकाळी त्या बागेच्या कडेने मी मान खाली घालून चालत जायचे, बाक कुठे आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

हे म्हणाले, "तू इथं वेगळी चालतेस."

"कशी?"

"घाई नसल्यासारखी." मग डबा बंद करत म्हणाले, "नोकरी जाईल-राहील. पण त्या रूथबाईला नीट सांग, ती मूर्ती कोण आहे ते. माफी मागत बसू नको नुसती. तुला माहीत आहे ते तिथं कुणालाच माहीत नाही."

रूथ आली त्या दिवशी मला बोलावलं. तिची खोली वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी. मऊ पांढऱ्या कापडावर अन्नपूर्णा, वर दिवा, आणि एक दुर्बिणीसारखं यंत्र. रूथ लहान चणीची, केस पेन्सिलने वर बांधलेले. हेलनबाई भिंतीशी उभ्या. मी चौघांत बोलत नाही, आणि इथे तर तिघीच होतो, तरी तोंडाआधी हात पिशवीकडे गेला.

मग मी पिशवीतून माझी अन्नपूर्णा काढली. घरून नेली होती, रुमालात गुंडाळून. ती टेबलावर तिच्याशेजारी ठेवली. दोन्ही सारख्या. तीच मांडी, तीच पळी. माझ्या मूर्तीच्या पळीमागेही नवरात्रात लावलेलं कुंकू साठलेलं होतं.

रूथ खुर्चीतून पुढे झाली. "ही कुठली?"

"माझी," मी म्हटलं. आणि मग सांगत गेले. मुलीचं लग्न असलं की तिला हे देतात, लग्न लागण्याआधी ती पाटावर बसून हिची पूजा करते, मग माहेराहून सासरी घेऊन जाते. घरात अन्न कमी पडू नये म्हणून. बाई मरेपर्यंत हिला सोडत नाही. माझं इंग्रजी मोडकं, पण रूथने एकदाही मला दुरुस्त केलं नाही. ती लिहून घेत होती.

"बाई सोडत नाही," ती म्हणाली, "तर मग ही इथे कशी आली?"

"दिली नसेल," मी म्हटलं. "घर मोडलं असेल. किंवा कुणी घेतली असेल."

हेलनबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

रूथने मूर्ती उलटी केली, यंत्राखाली धरली. बराच वेळ बघत होती. सोमवारपासून पुन्हा पुसायचे ऑफिसांचे जिने माझ्या डोळ्यांपुढे यायला लागले होते. मग तिने मला खुर्ची दिली. "बघा."

मी एक डोळा मिटून पाहिलं. पितळ डोंगरासारखं मोठं दिसत होतं, माझ्या घासण्याचे ओरखडे रस्त्यासारखे. आणि बैठकीच्या खाली, आतल्या घडीत, जिथे माझं बोट पोचलं नव्हतं तिथे, लाल कण. चार-पाचच असतील.

"तपासायला एवढे पुरतील," रूथ म्हणाली.

साफसफाईच्या कामात इतकी वर्षं काढली, पण कोपरा राहून गेला म्हणून मी देवाचे आभार मानले ते तेवढंच एकदा.

तिथल्या प्रत्येक वस्तूची एक फाइल असते. वस्तूला जे झालं, ज्याने केलं, ते सगळं त्यात लिहितात, आणि ती फाइल कधी फेकत नाहीत. रूथने माझ्यासमोरच लिहिलं. पहिल्या ओळीत, चिंच आणि मीठ वापरून परवानगीशिवाय धुतली, पूजेचे अवशेष बहुतांशी गेले, आणि पुढे माझं पूर्ण नाव. त्याखाली, ही अन्नपूर्णा, महाराष्ट्रातल्या नववधूला माहेरून मिळणारी मूर्ती, माहिती देणार, आणि पुन्हा माझं पूर्ण नाव.

हेलनबाईंनी ते वाचलं. म्हणाल्या, "वरच्या ओळीत 'एक कर्मचारी' असं लिहिलं तरी चालेल, सुमन. नाव घालायलाच हवं असं नाही."

मी विचार केला. म्हटलं, "दोन्हीकडे राहू दे."

त्यांनी फाइल मिटली. "मग सोमवारी सात वाजता या. लायब्ररीत कुणीतरी फडकं मारलंय, ते मला निस्तरून हवंय."